दम खाऊ दे

एकतीस जुलै, रात्रीचे साडेनऊ.
वर्सोव्याच्या मच्छीमार सोसायटीचं हापिस.
पडदा काळा. डाव्या कोपऱ्यात एक रेघ
लुकलुकते, विचारल्यासारखी: आता?

नवा क्लार्क जयेंद्र रडकुंडीला आलाय.
"मॅडम, मी काही नाही केलं. त्यानेच विचारलं,
अपडेट करू का. मी म्हटलं, हो."
अरे, हो म्हणायला कुणाचं काय जातं!
मशीन दोन हजार चारचं, मेमरी पाचशे बारा एमबी,
त्याला विचारलं का कुणी,
बाबा रे, नवा कर्नल झेपेल का तुला?

सेक्रेटरी चिखले खुर्ची ओढून बसलेत.
उद्यापासून दर्या खुला.
पहाटे चारला होड्या डिझेलला लागणार.
पावतीशिवाय पंप थेंब देत नाही
आणि पावती छापतो तो एकटाच,
जाड केबलचा, पिवळा पडलेला डॉट मॅट्रिक्स.
नवीन घ्या, असं मी तिसऱ्या वर्षी सांगते.
घेऊ, असं ते तिसऱ्या वर्षी म्हणतात.

आधी झाकण काढलं.
खारा वारा दारावर टकटक करत नाही,
रॅमच्या सोनेरी दातांवर हिरवा बसलेला असतो.
चिखल्यांच्या नातीचं खोडरबर मागवलं,
स्ट्रॉबेरीच्या वासाचं.
दात घासून दिले.
पडदा काळाच.

मग शिफ्ट दाबून धरली, चालू केलं,
आणि यादी उघडली: वर नवा कर्नल, ऐटीत,
खाली जुना, कुणी पुसायचा विसरलेला.
देव त्या आळसाचं भलं करो.
जुन्यावर बोट ठेवलं.
चित्र आलं. घड्याळ मात्र
एक जानेवारी दोन हजार चारवर,
बोर्डावरचा सेल कधीच मेलेला.
जयेंद्र म्हणाला, "तेव्हा मी बालवाडीत पण नव्हतो."
तारीख हाताने भरली.

प्रिंटर अजून मुका.
छपाईचं पॅकेज नवं झालेलं, जुन्याला ओळख देईना.
मागची आवृत्ती मागितली सर्व्हरकडे.
चारशे चार.
पुन्हा मागितली. चारशे चार.
त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही.

अकरा वाजले. चिखल्यांनी चहा सांगितला,
मी फोल्डर उपसत बसले
आणि तळाशी मिळाली चौदा ओळींची एक फाईल,
सॅबी कोलासोची. हे सगळं त्यानेच बसवलेलं.
मी त्याला पाहिलेलं नाही.
चिखले म्हणतात, चर्चच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचा,
सोसायटीकडून पैसे नाही, बोंबील घ्यायचा.
फाईल सरळ पोर्टवर अक्षरं ढकलते,
मध्ये कुणी दलाल नाही.
नवव्या ओळीत मात्र: थांब, सात सेकंद.
कशाला? मी ती ओळ उडवली.
शिकलेल्या माणसाची खोड.

कागद सरकला. नाव अर्धं,
मग त्रिकोण, पत्त्यातले बदाम,
आणि ओळभर हसणारे चेहरे.
चिखल्यांनी चष्मा लावून बघितलं.
"हे डिझेल किती लिटर?"

तेव्हा दिसलं, उडवलेल्या ओळीच्या शेजारी
त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलं होतं:
म्हातारा हाय. याला दम खाऊ दे.

ओळ परत घातली.
एक, दोन... सहा, सात.
आतून कुठूनसा खाकरल्यासारखा आवाज
आणि मग टरटर टरटर,
ठळक, सरळ, लिटरसकट.

कर्नलवर होल्ड लावला, आता कुणी हो म्हटलं तरी
तो जागचा हलणार नाही.
निघायला हवं होतं, पण चार वाजेपर्यंत थांबले.
पहिली आली पारूबाय, नवऱ्याचं कार्ड घेऊन.
पावती येईना तशी काउंटरवर बोटं वाजवायला लागली.
"बंद परला का गो?"
"नाही," जयेंद्र म्हणाला, "दम खातोय."
"खाऊं दे," ती म्हणाली, आणि स्वतःही
टेबलाला टेकली.

सॅबीच्या ओळीखाली मी एक ओळ घातली.
शहाणपणाचं काही सुचलं नाही.
माझा फोन नंबर लिहिला.